गावरान की नुसतं तपकिरी?

आधी एक जुना घोळ मिटवू. दुकानातल्या पांढऱ्या अंड्याला आपण सर्रास 'बॉयलरचं अंडं' म्हणतो. पण ब्रॉयलर ही मांसासाठी वाढवलेली कोंबडी. ती सहाएक आठवड्यांतच कापली जाते, म्हणजे अंडी घालायचं वय तिच्या वाट्याला येतच नाही. पांढरं अंडं असतं लेयरचं, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीचं. ही बहुतेक व्हाइट लेगहॉर्नच्या वंशातली, अठरा-वीस आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि वर्षाला 300च्या आसपास अंडी देते.

हा घोळ नुसता नावाचा. दुसरा मात्र खिशाला लागतो: अंडं तपकिरी दिसलं की ते गावरान!

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, ती अंगणात फिरते की पिंजऱ्यात बसते यावर नाही. बीव्ही 380 ही लेयरचीच एक जात. पिंजऱ्यात राहून, पोत्यातलं खाद्य खाऊन ती छान तपकिरी अंडी घालते. गिरिराज, वनराज या सुधारित जातींची अंडीही तपकिरीच. (कडकनाथच्या बाबतीत तर लोक थेट काळं अंडं मागतात. झाबुआची ही कोंबडी मांसापर्यंत काळी असते हे खरं, पण तिचं अंडं फिकट मातकट रंगाचंच.)

खरी गावरान कोंबडी उकिरडा उकरते, किडे, गवत, सांडलेले दाणे टिपते, संध्याकाळी खुराड्यात शिरते. वर्षाला तिची अंडी साठ-सत्तर झाली तरी खूप, कारण मध्येच बाई खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडते, आणि अंडी देणं बंद. सोबत कोंबडा असल्याने तिची अंडी उबवायला ठेवली तर 21 दिवसांत पिल्लं निघतात. पोल्ट्रीत अंड्यावरच्या कोंबड्यांत कोंबडा ठेवतच नाहीत, त्यामुळे त्या अंड्यातून कितीही उबवलं तरी काही निघायचं नाही.

आता ताकदीचं बोलू. गावरान अंडं साधारण 40 ग्रॅमचं, लेयरचं 55च्या आसपास. प्रथिनांचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच, म्हणून लहान गावरान अंड्यातून मिळणार साडेचार ग्रॅम आणि मोठ्या पांढऱ्यातून सहा. दुप्पट पैसे मोजून प्रथिनं कमी! केवळ प्रथिनांसाठी गावरान घेत असाल तर तो व्यवहार तोट्याचाच.

पण गावरानाच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. त्यात आकाराच्या मानाने बलकाचा वाटा पांढऱ्या अंड्यापेक्षा जास्त असतो, आणि ब 12, अ आणि ड जीवनसत्त्वं, कोलीन, डोळ्यांसाठी चांगलं मानलं जाणारं ल्युटीन हे सगळं बलकातच असतं. उन्हात फिरणाऱ्या कोंबडीच्या बलकात ड जीवनसत्त्व जास्त उतरतं, हिरवं खाणारीच्या बलकात ओमेगा 3 मेदाम्लं वाढतात. ही पुण्याई उन्हाची आणि चाऱ्याची, जातीची नव्हे. तीच गावठी कोंबडी पिंजऱ्यात कोंडून खाद्यावर ठेवली तर हा फरक बराचसा पुसला जाईल. बलकाच्या केशरी रंगाला तर अजिबात भुलू नका. खाद्यात मका किंवा झेंडूचा अर्क वाढवला की पोल्ट्रीतल्या अंड्याचा बलकही तसाच होतो. कोलेस्टेरॉलही बलकातच असतं, तेव्हा गावरान आहे म्हणून ते नसेल असं समजू नये. चवीचं म्हणाल तर गावरान अंड्याच्या रश्शाला तोड नाही, हे माझं मत. ते सिद्ध करायच्या भानगडीत मी पडत नाही.

आणि तालमीतल्या मंडळींसाठी एक. गावरान असलं तरी अंडं दुधात कच्चं फोडून पिऊ नका. कच्च्या अंड्यातली निम्मीच प्रथिनं पचतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्क्यांच्या घरात. वर पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जिवाणूची भीती आहेच.

मग बाजारात ओळखायचं कसं? एकट्या अंड्यावरून नाही, टोपलीवरून. खऱ्या गावरान टोपलीत एक अंडं मळकट पांढरं, दुसरं फिकट तपकिरी, एखादं लिंबाएवढं, क्वचित एखाद्याला शेण लागलेलं. सगळी एकाच मापाची, एकाच रंगाची आणि बाराही महिने ट्रे भरभरून मिळत असतील, तर विचारा: "मावशी, तुमच्या कोंबड्या खुडूक कधी बसतात?"