टेराफॉर्म आणि कुबरनेटिस: एका प्रोव्हायडरच्या जडणघडणीची पार्श्वभूमी

कुबरनेटिस ही कंटेनरमध्ये बांधलेले प्रोग्रॅम अनेक यंत्रांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, चालवणारी प्रणाली; टेराफॉर्म हे पायाभूत सुविधा कोडमधून उभारण्याचे साधन. कुबरनेटिस क्लस्टरमधील संसाधने टेराफॉर्मच्या कोडमधून सांभाळू लागले की एक प्रश्न हमखास समोर येतो: डिप्लॉयमेंटमधील (एका प्रोग्रॅमच्या प्रती चालत्या ठेवणाऱ्या वस्तूतील) पॉडची, म्हणजे त्या प्रतींची, संख्या, एखादे लेबल किंवा एखादे ॲनोटेशन (वस्तूला जोडलेली टीप) काय असावे, हे शेवटी कोणी ठरवायचे? टेराफॉर्मच्या कुबरनेटिस प्रोव्हायडरचा, म्हणजे त्याला कुबरनेटिसशी जोडणाऱ्या प्लगइनचा, इतिहास मला याच प्रश्नाचा इतिहास वाटतो, कारण या प्लगइनमधील बहुतेक मोठे बदल त्याचे उत्तर शोधतानाच झालेले आहेत.

दोन्ही प्रकल्प एकाच उन्हाळ्यातले. गुगलने कुबरनेटिसची घोषणा जून 2014 मध्ये केली आणि मिचेल हाशिमोतो व आर्मोन दादगर यांच्या हाशिकॉर्पने टेराफॉर्मची पहिली आवृत्ती त्याच वर्षी जुलैमध्ये प्रसिद्ध केली. पायाभूत सुविधा कोडमध्ये लिहिण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. मार्क बर्जेस यांचे सीएफइंजिन 1993 पासून, पपेट 2005 पासून आणि ॲमेझॉनचे क्लाउडफॉर्मेशन 2011 पासून वापरात होते. टेराफॉर्मने त्यात दोन गोष्टी ठळक केल्या. एकच भाषा अनेक सेवा पुरवठादारांसाठी चालावी आणि कोणताही बदल करण्याआधी तो काय होणार आहे हे ‘प्लॅन’च्या रूपाने माणसाला वाचायला मिळावे. त्यासाठी टेराफॉर्म आपण निर्माण केलेल्या प्रत्येक संसाधनाची नोंद स्टेट फाइलमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी कोड, ही नोंद व प्रत्यक्ष स्थिती यांची तुलना करून फरक काढते.

अडचणीचे मूळ इथेच आहे. कुबरनेटिसदेखील अपेक्षित स्थिती लिहून घेणारीच प्रणाली आहे. ती अपेक्षा एटसीडी या क्लस्टरच्या माहितीसाठ्यामध्ये साठवली जाते आणि क्लस्टरमधील कंट्रोलर नावाचे प्रोग्रॅम प्रत्यक्ष स्थिती तिच्याशी जुळवत राहतात. आभासी यंत्र किंवा नेटवर्क एकदा तयार झाले की बहुधा तसेच राहते, पण क्लस्टरमधील वस्तू सतत बदलत असतात: ऑटोस्केलर भार पाहून पॉडची संख्या वाढवतो, ॲडमिशन वेबहुक (नवी वस्तू स्वीकारण्याआधी तपासणारी सेवा) साइडकार म्हणजे जोडीचा कंटेनर घालतो, एपीआय सर्व्हर (क्लस्टरकडे येणाऱ्या सर्व विनंत्या घेणारा भाग) न दिलेली मूल्ये स्वतः भरतो. टेराफॉर्म मात्र कोणीतरी आज्ञा चालवली तरच बघते. एकाच घराचा हिशेब दोन वह्यांत लिहिला जावा आणि एक वही रोज, तर दुसरी कधीतरीच उघडली जावी, तशी ही मांडणी झाली.

अधिकृत प्रोव्हायडर 2017 मध्ये वापरकर्त्यांच्या हाती आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या टेराफॉर्म 0.10 आवृत्तीत सर्व प्रोव्हायडर मूळ प्रकल्पातून वेगळे काढण्यात आल्यामुळे या प्लगइनला स्वतःच्या गतीने आवृत्त्या काढता येऊ लागल्या. आरंभीचे धोरण सावध होते. कुबरनेटिसच्या एपीआयमधील जे प्रकार स्थिर ठरले आहेत तेवढ्यांनाच आधार द्यायचा, बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या, प्रकारांना हात लावायचा नाही. तत्त्व म्हणून ते समजण्याजोगे आहे, पण व्यवहारात त्याचा परिणाम विचित्र झाला. नेमस्पेस, सर्व्हिस, सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त मूल्ये ठेवणारी वस्तू), पॉड, रेप्लिकेशन कंट्रोलर हे सर्व होते, डिप्लॉयमेंट नव्हते. मार्च 2016 मधील 1.2 आवृत्तीपासून कुबरनेटिस वापरणारे लोक रोजच्या कामासाठी डिप्लॉयमेंटच वापरत होते, पण त्याचा एपीआय डिसेंबर 2017 मधील 1.9 आवृत्तीत स्थिर झाला. त्यामुळे प्रोव्हायडरमध्ये ते 2018 मध्ये दाखल झाले, आणि तोवर अनेकांनी इतरांनी काढलेल्या फोर्कचा (मूळ कोडच्या वेगळ्या शाखेचा) किंवा टेराफॉर्ममधून थेट क्यूबसीटीएल ही कुबरनेटिसची आज्ञा चालवण्याचा मार्ग धरला. माझ्या मते हेल्म (कुबरनेटिससाठीचे पॅकेज साधन) आणि गिटऑप्सच्या (गिटमधील कोडप्रमाणे क्लस्टर आपोआप जुळवणाऱ्या) साधनांनी क्लस्टरच्या आतल्या कामावर पकड बसवली, त्यात या रिकाम्या काळाचा वाटा मोठा आहे.

प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र स्कीमा (फील्डची ठरलेली रचना) हाताने लिहिण्याच्या पद्धतीला आणखी एक मर्यादा होती. कुबरनेटिस 1.7 मध्ये, म्हणजे 2017 मध्येच, कस्टम रिसोर्स डेफिनिशन आले आणि कोणालाही एपीआयमध्ये आपले प्रकार जोडता येऊ लागले. जे प्रकार अजून कोणी लिहिलेच नाहीत, त्यांचा स्कीमा प्लगइनमध्ये आधीपासून कसा असणार? यावर उत्तर शोधण्यासाठी 2020 मध्ये कुबरनेटिस-अल्फा नावाचा वेगळा प्रोव्हायडर पुढे आणला गेला आणि त्यातून घडलेले ‘कुबरनेटिस मॅनिफेस्ट’ हे संसाधन 2021 मध्ये मुख्य प्रोव्हायडरमध्ये समाविष्ट झाले. वस्तूचा स्कीमा ते प्लॅनच्या वेळी क्लस्टरलाच विचारते आणि बदल सर्व्हर-साइड अप्लायने करते.

सर्व्हर-साइड अप्लायचे महत्त्व वेगळे सांगायला हवे. कुबरनेटिस 1.14 मध्ये अल्फा म्हणून आलेली आणि ऑगस्ट 2021 मधील 1.22 आवृत्तीत स्थिर झालेली ही पद्धत वस्तूतील प्रत्येक फील्ड कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद एपीआय सर्व्हरवर ठेवते; दुसऱ्याच्या ताब्यातील फील्ड कोणी बदलू पाहिले, तर संघर्ष दाखवला जातो. मालकीच्या प्रश्नाला सर्व्हरच्या पातळीवर मिळालेले हे पहिले नेमके उत्तर होय. मात्र मॅनिफेस्ट संसाधनाने त्याची किंमतही आणली: प्लॅन काढतानाच क्लस्टर चालू हवा, आणि कस्टम रिसोर्स डेफिनिशन व त्यावर आधारलेली वस्तू एकाच वेळी तयार करता येत नाही, कारण डेफिनिशन लागू होण्याआधी सर्व्हरकडे त्या वस्तूचा स्कीमाच नसतो.

जुन्या, स्कीमा ठरलेल्या संसाधनांमध्ये हा प्रश्न तुकड्यातुकड्याने सोडवला गेला. डिप्लॉयमेंटमधील ‘रेप्लिकाज’ या पॉडच्या संख्येच्या फील्डचेच पाहा. ही संख्या असूनही प्रोव्हायडरमध्ये तिचा प्रकार स्ट्रिंग (मजकूर) आहे, कारण मुद्दाम दिलेले शून्य आणि काहीच न दिलेले मूल्य यांत भेद करायचा आहे. ऑटोस्केलर लावलेल्या डिप्लॉयमेंटमध्ये कोडने 3 लिहिले असेल आणि गर्दीच्या वेळी पॉड 12 झाले असतील, तर पुढचा अप्लाय (बदल लागू करण्याची आज्ञा) ते पुन्हा 3 वर आणतो. म्हणून लाइफसायकल ब्लॉकमधील ‘इग्नोर चेंजेस’मध्ये हे फील्ड नोंदवावे लागते. इतर साधनांनी लावलेली लेबले व ॲनोटेशन दुर्लक्षित करण्याची सोय पुढे प्रोव्हायडरच्या पातळीवरही आली.

जानेवारी 2021 मधील 2.0 आवृत्तीने सुरक्षिततेच्या दृष्टीने एक कडक पण आवश्यक निर्णय घेतला. त्याआधी काही न सांगितल्यास प्रोव्हायडर वापरकर्त्याच्या संगणकावरील क्यूबकॉन्फिग ही क्लस्टरचे पत्ते व ओळखपत्रे असलेली फाइल वाचत असे, म्हणजे टर्मिनलमध्ये शेवटी निवडलेला क्लस्टर कोणता यावर बदल कुठे होणार हे ठरे. 2.0 पासून फाइलचा मार्ग किंवा क्लस्टरचा पत्ता व प्रमाणपत्रे स्पष्ट द्यावी लागतात. क्लस्टर आणि त्यातील संसाधने एकाच कॉन्फिगरेशनमध्ये निर्माण करणाऱ्यांची अडचण मात्र कायम राहिली. अजून अस्तित्वात नसलेल्या क्लस्टरच्या पत्त्यावर प्रोव्हायडर उभा राहत नाही, म्हणून दोन स्वतंत्र स्टेट ठेवण्याचीच शिफारस केली जाते.

कुबरनेटिसच्या बाजूनेही धक्के बसतच होते. 1.22 मध्ये इन्ग्रेसचा (बाहेरची वाहतूक आत वळवणाऱ्या वस्तूचा) बीटा एपीआय काढून टाकला गेला आणि ‘व्ही1’ असा प्रत्यय लावलेली संसाधने वापरणे भाग पडले. 2022 मधील 1.24 पासून सर्व्हिस अकाउंटसाठी (प्रोग्रॅमच्या खात्यांसाठी) ओळख पटवणाऱ्या टोकनचे सीक्रेट आपोआप तयार होणे थांबले, आणि त्या सीक्रेटच्या नावावर विसंबलेले कोड बदलावे लागले.

ऑगस्ट 2023 मध्ये हाशिकॉर्पने टेराफॉर्मचा परवाना मोझिला पब्लिक लायसन्सवरून बिझनेस सोर्स लायसन्सवर नेला. त्यातून निघालेला ओपनटोफू प्रकल्प सप्टेंबरमध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि त्याची 1.6 ही पहिली स्थिर आवृत्ती जानेवारी 2024 मध्ये आली. प्रोव्हायडर मात्र जुन्याच परवान्याखाली राहिल्यामुळे कुबरनेटिसचे प्लगइन दोन्हींकडे चालते.

सीक्रेटचा प्रश्न सर्वांत उशिरा हाती घेतला गेला, हे मला खटकते. कोडमधून सीक्रेट तयार केले की त्याचे मूल्य स्टेट फाइलमध्ये साध्या मजकुरात उतरते, आणि अनेक वर्षे उपाय एवढाच होता की ती फाइल एन्क्रिप्ट करून जपावी. नोव्हेंबर 2024 मधील टेराफॉर्म 1.10 ने स्टेटमध्ये न साठणारी तात्पुरती मूल्ये आणली आणि 1.11 ने केवळ लिहिता येणारे, नोंद न होणारे आर्ग्युमेंट दिले. त्यांचा आधार प्रत्येक प्रोव्हायडरला आपापल्या संसाधनांत स्वतंत्रपणे जोडावा लागतो.