अध्ययन अक्षमता : शाळकरी मुलांमधील खुणा

बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना मुलाला सातत्याने येणारी अडचण म्हणजे अध्ययन अक्षमता. मेंदू अक्षर, ध्वनी आणि संख्या यांची सांगड कशी घालतो, त्यातच इथे फरक असतो. आळस, हट्टीपणा किंवा घरच्यांचे लाड यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. वाचनातल्या अडचणीला डिसलेक्सिया, लेखनातल्या अडचणीला डिसग्राफिया आणि गणितातल्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. अनेक मुलांत यांतल्या दोन-तीन एकत्र आढळतात.

खूण म्हणून इंग्रजीतले ‘बी’ आणि ‘डी’ उलटे लिहिण्याचे उदाहरण आपल्याकडे सर्रास दिले जाते. मराठी माध्यमातल्या मुलाची वही वेगळे सांगते. घ-ध, भ-म, थ-य यांची गल्लत तिसरी-चौथीतही सुटत नाही. पहिली वेलांटी अक्षराआधी लिहायची पण उच्चारायची नंतर. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर, उच्चार मात्र त्याच्या आधी. अशा मुलाला इथे नेमके अडायला होते. एकाच पानावर ‘पुस्तक’ कुठे ‘पुतक’, कुठे ‘पूसतक’, तर कुठे ‘पुस्क’ असे दिसते. एकच शब्द तीन तऱ्हांनी चुकणे हे निष्काळजीपणाचे लक्षण समजून लाल शाईचे गोल मारले जातात, हे फार वाईट होते.

देवनागरी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे काही मुले चुकत नाहीत, पण फार हळू वाचतात. बोट ठेवून एकेक अक्षर जुळवताना वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तोच धडा वाचून दाखवला तर उत्तर मात्र चटकन आणि नेमके येते. तोंडी आणि लेखी यांतली ही दरी सर्वांत बोलकी खूण मानायला हवी.

गणितात हातचा विसरणे, पाढे रोज पाठ करूनही दुसऱ्या दिवशी पुसले जाणे, ‘सत्तावन्न’ ऐकून ७५ लिहिणे अशा गोष्टी दिसतात. मराठीत सात आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ अशी संख्यावाचनाची रीत आली तेव्हा मोठा वाद झाला, पण मुलांची ही अडचण खरी आहे.

पहिली-दुसरीत अक्षरे उलटसुलट होणे स्वाभाविक असते. आधी डोळे आणि कान तपासावेत. घरी अहिराणी किंवा गोंडी बोलली जात असेल, शाळा वारंवार बुडत असेल, तर तेही ध्यानात घ्यावे. शाळेच्या वेळी पोटात दुखणे, वही ‘हरवणे’, वाचायची पाळी आली की वर्गात मस्करी करणे, यांमागेही कधी वाचन-लेखनाचीच भीती असते.

मराठी मुलांची चाचणी इंग्रजीतून घेणे अन्यायाचे आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. रीतसर निदान साधारण आठव्या वर्षानंतर होते आणि त्या प्रमाणपत्रावर परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र प्रश्न वाचून दाखवणे, फळ्यावरचे उतरवायला जास्त वेळ देणे, उत्तर तोंडी घेणे यांसाठी वर्गशिक्षकाला कुठल्याही कागदाची गरज नाही.