दंतोद्धरण (खानदेश)

दंतोद्धरण : जबड्याच्या हाडातील खाचेतून दात मुळासह बाहेर काढण्याची क्रिया. दंतोन्मूलन, दंतोत्पाटन हे शब्दही चालतात. ‘उद्धरण’ येथे पसंत केले आहे, कारण सुश्रुतसंहितेत दात काढण्याबाबत त्याच धातूची रूपे येतात. बोलीत कोणताही दात निघाला तरी ‘दाढ काढली’ असेच म्हणतात. अहिराणीत तक्रार ‘मनी दाढ दुखस’ अशी सुरू होते आणि बहुधा पाचसहा रात्री काढून झाल्यावरच दवाखान्यापर्यंत पोहोचते. नोंदीत खानदेश म्हणजे १९०६ पूर्वीच्या अखंड खानदेश जिल्ह्याचा प्रदेश, म्हणजे ढोबळमानाने आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे.

वरची दाढ आणि डोळा : ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही समजूत खानदेशात सर्रास ऐकू येते, तशी ती महाराष्ट्राच्या इतर भागांतही आहे. तिचा उगम वादग्रस्त आहे. एका मतानुसार ती थेट सुश्रुताकडून आली. चिकित्सास्थानाच्या २२ व्या अध्यायात, घट्ट बसलेला वरचा दात समूळ काढल्यास अतिरक्तस्राव होऊन घोर रोग होतात, माणूस काणा होतो, त्यास अर्दित (चेहऱ्याचा लकवा) होतो, असे सांगून ‘चलमप्युत्तरं दन्तमतो नापहरेद्भिषक्’, म्हणजे हलत असला तरी वरचा दात वैद्याने काढू नये, असा निषेध केला आहे. संहितेचा काळ निश्चित नाही. तिच्यावर अनेक संस्कार झाले असून आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले असावे, असे सर्वसाधारणपणे मानतात.

दुसरे मत असे, की ग्रंथ व लोकसमजूत ही दोन्ही एकाच निरीक्षणातून स्वतंत्रपणे आली असावीत. हे मत अधिक ग्राह्य वाटते. ज्या घरांत संहितेचे नावही कधी गेले नाही तेथेही समजूत तितकीच पक्की आहे. शिवाय इंग्रजीतही वरच्या सुळ्याला ‘डोळ्याचा दात’ अशाच अर्थाचे नाव आहे. वरच्या दातांच्या संवेदना त्रिशाखी मज्जातंतूच्या दुसऱ्या शाखेतून जातात. दृष्टीचा मज्जातंतू सर्वस्वी वेगळा आहे, तेव्हा दात काढल्याने नजर जाण्याचा मार्गच नाही. मात्र वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला तर सूज डोळ्याखाली चढते, पापणी मिटते आणि क्वचित संसर्ग शिरांवाटे कवटीतील पोकळीपर्यंत जाऊन जीवावर बेततो. प्रतिजैविके नव्हती तेव्हा असा रोगी पाहिलेल्यांनी दोष दाढ काढणाऱ्याला दिला असल्यास नवल नाही. खरा दोष बहुतेक वेळा काढण्याआधीच मुरलेल्या पुवाचा असे. वरच्या मागच्या दाढेसाठी दिलेल्या भुलीच्या सुईने क्वचित थोडा वेळ एकाचे दोन दिसतात. भूल उतरली की तेही जाते.

वरच्या दाढेचा खरा धोका वेगळाच आहे. तिची मुळे वरच्या जबड्याच्या हाडातील वायुपोकळीला लागून असतात. दाढ निघताना मधला पातळ पापुद्रा फाटला तर चूळ भरताना पाणी नाकातून येते. लहान भोक बहुधा आपोआप मिटते, मोठे टाके घालून बंद करावे लागते.

दंतशंकूचा प्रश्न : सुश्रुताच्या वीस शस्त्रांत दंतशंकू येतो व बडिशाबरोबर (आकड्याबरोबर) त्याचे काम ‘आहरण’, म्हणजे ओढून बाहेर काढणे, असे दिले आहे. यावरून अनेकांनी तो दात उपटण्याचा चिमटा ठरवला आणि लोकप्रिय लेखनात तेच रूढ झाले. परंतु सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायातील आहार्य (असे बाहेर काढायच्या) पदार्थांच्या यादीत तीन शर्करा, दाताचा व कानाचा मळ, मुतखडा, शल्य (शरीरात रुतलेली वस्तू), मूढगर्भ (अडलेला गर्भ) इत्यादी येतात, दात येत नाही. तेव्हा दंतशंकू हे दातावरचे किटण (दंतशर्करा) काढण्याचे हत्यार असावे, या मताकडे कल ठेवणे युक्त. वाग्भट या नंतरच्या आयुर्वेदकाराने किटण खरवडण्यासाठी दंतलेखनक आणि दात पाडण्यासाठी बाणाच्या पिसाऱ्यासारख्या तोंडाचे, चार अंगुळे लांबीचे दंतपातन अशी दोन साधने वेगळी सांगितली आहेत. सुश्रुतापाशी हा भेद पुसट होता की दात काढायला संदंशासारखे (चिमट्यासारखे) यंत्रच वापरीत, हे नुसत्या नावावरून ठरत नाही.

कीड पाडणे : किडलेल्या दातात खरोखरच कीड असते, ही कल्पना बॅबिलोनियापासून भारतापर्यंत पसरलेली होती. मराठीतील ‘दात किडला’ व सुश्रुताचा ‘कृमिदंतक’ तिचेच अवशेष होत. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन कीड पाडण्याचा उपाय खानदेशातही जाणत्यांना माहीत आहे. धुरीनंतर पाण्यात दिसणारे बारीक पांढरे कण बियांतलेच असावेत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये ही कल्पना नाकारली. तोंडातील जंतूंनी साखरेपासून केलेल्या आम्लामुळे दात झिजतो, ही उपपत्ती अमेरिकी दंतवैद्य मिलरने १८९० मध्ये मांडली. आठवडेबाजारात फडक्यावर काढलेल्या दातांचा ढीग मांडून बसणारे दातवाले आणि गावोगाव फिरणारे वैदू दात काढण्याचे काम करीत. भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय १९२० मध्ये कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढले. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी सक्तीची झाली. आज धुळ्यात दंतमहाविद्यालय आहे.

क्रिया : दात ओढून निघतो हा समज चुकीचा आहे. मुळाभोवतीचे तंतू सुटून हाडाची खाच थोडी रुंदावली की तो निघतो, म्हणून दंतवैद्य आधी एलिव्हेटरने (तरफेसारख्या हत्याराने) त्याला ढिला करून मग पकडीने आतबाहेर डोलवतो. खालच्या दाढेला सहसा दोन व वरच्या दाढेला तीन मुळे असतात. पकडी दातागणिक वेगळ्या असतात. दाताच्या मानेला बसणाऱ्या आकाराच्या पकडी इंग्रज दंतवैद्य जॉन टोम्सने १८४० च्या सुमारास रूढ केल्या. भुलीसाठी २ टक्के लिग्नोकेन व अत्यल्प ॲड्रेनलिन वापरतात. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने सुई मुळाशी दिली तरी पुरते. खालचे हाड दाट असल्याने मागच्या दाढांसाठी जबड्यात शिरणारा मज्जातंतूच बधिर करावा लागतो आणि अर्धा ओठ काही तास लाकडासारखा होतो. भुलीत दुखणे थांबते पण दाब जाणवतो. हे आधी सांगितले नसेल तर रोगी ‘भूल लागली नाही’ म्हणून ओरडतो.

नंतरची काळजी : खाचेत साठलेल्या रक्ताची गुठळी हीच पहिली मलमपट्टी. त्यासाठी कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा असतो. दर पाच मिनिटांनी तो काढून किती रक्त आले ते पाहण्याच्या सवयीने गुठळी उखडते. तालुक्याहून एसटीने परतणारा माणूस बोळा दातांत धरून कंडक्टरला गावाचे नाव बोटाने तिकिटाच्या यंत्रावर दाखवतो. खरे तर हीच काळजी उत्तम. पहिले चोवीस तास चूळ व थुंकणे वर्ज्य. लाळेने पातळ झालेले रक्त बघून घाबरू नये, गिळावे. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. हिरडी तीनचार आठवड्यांत मिटते, आतले हाड भरायला काही महिने लागतात. दुखऱ्या दाताशी ॲस्पिरिनची गोळी ठेवण्याच्या प्रकाराने हिरडी भाजते.

आहाराबाबत सुश्रुताची यादी आंबट फळे, थंड पाणी, कोरडे अन्न, दात घासणे व फार कठीण पदार्थ वर्ज्य करते. थंड पाणी वगळता पहिल्या दिवसापुरती ती आजही चालते. थंड पाणी मात्र पहिल्या दिवशी उलट बरेच. खानदेशी ताटातून पहिले काही दिवस बट्टी, बिबड्या (ज्वारीचे पापड) व कळण्याची भाकरी बाजूला ठेवावी लागते. भरीत मऊ असले तरी त्यातला मिरचीचा जाळ आणि तळलेल्या शेंगदाण्याचा तुकडा खाचेला सोसत नाही. पातळ खिचडी, दूधभात व केळी ठीक. भाताने व केळ्याने पू धरतो या समजुतीला आधार नाही. ती पाळून केळ्यांच्या जळगावात रोगी उपाशी राहतात.

तिसऱ्या दिवसाच्या सुमारास दुखणे उतरण्याऐवजी कानापर्यंत चढले, तोंडाला वास येऊ लागला आणि खाच रिकामी दिसली तर ती ‘ड्राय सॉकेट’ (कोरडी खाच) समजावी. हे नाव क्रॉफर्ड या दंतवैद्याने १८९६ मध्ये दिले. कारणाबद्दल एकमत नाही. बिर्न या संशोधकाच्या मते जखमी हाडातून सुटणारी द्रव्ये तयार झालेली गुठळी विरघळवतात. इतर काही जण जंतूंना प्रमुख मानतात. पहिले मत अधिक रुजले आहे, जंतूही गुठळी विरघळवू शकत असल्याने दोन्हींत विरोध मानायचे कारण नाही. खालच्या अक्कलदाढेनंतर आणि विडी ओढणाऱ्यांत ते अधिक दिसते. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांना ‘तंबाखू खाता का’ असे विचारल्यास त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात. प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारावा लागतो. खाच धुऊन लवंगतेलयुक्त औषधाचा बोळा ठेवला की बहुधा त्याच दिवशी आराम पडतो.

सातपुड्याकडील सावधगिरी : नंदुरबारच्या भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे) प्रमाण लक्षणीय आहे. अशा रोग्याला उपाशीतापाशी, पाण्याविना दूरचा प्रवास करून खुर्चीवर बसवू नये. पाण्याची कमतरता, संसर्ग वा प्राणवायूची तूट यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. संपूर्ण भुलीपेक्षा स्थानिक भूल बरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने ती मनाने बंद करू नये. मधुमेह्याने साखर तपासून यावे.

दुधाचे दात : हे बहुधा आपोआप पडतात. पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून धाब्यावर (घराच्या मातीच्या सपाट छपरावर) फेकण्याची चाल काही घरांत आहे.