खडक वितळवणारं पाणी

एकाच आठवड्यात दोन ज्वालामुखी धुमसले, की ‘ग्रहांच्या युतीमुळे पॅसिफिकचं अग्निकंकण (महासागराभोवतीची ज्वालामुखींची माळ) जागं झालं’ असे व्हिडिओ फिरायला लागतात. त्यात पृथ्वीच्या पोटात उकळणारा लाव्ह्याचा समुद्रही हटकून असतो. खरं तर जगात कुठल्याही वेळी ४०-५० ज्वालामुखींचे उद्रेक चालूच असतात. आणि तसा समुद्र नाहीच. कवचाखालचं सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचं प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून त्या बिनदिक्कत जातात आणि अडतात थेट द्रवरूप बाह्य गाभ्यापाशी.

मग शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, येतो कुठून? दाब वाढला की खडकाचा द्रवणांक, म्हणजे वितळण्याचं तापमानही वाढतं. १०० किलोमीटर खोलीवर कोरडा प्रावरणखडक वितळायला सुमारे १,५०० अंश सेल्सिअस लागतात, आणि तिथलं तापमान सहसा त्याहून थोडं कमी असतं. म्हणजे खडक उंबरठ्यावरच उभा आहे. आइसलँडमध्ये भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे) एकमेकांपासून दूर सरकतात, खालचा गरम खडक वर येतो, दाब घटतो आणि जादा उष्णता न मिळताही तो वितळू लागतो. हवाई बेटं भूपट्टाच्या ऐन मध्यावर आहेत, पण युक्ती तीच.

दुसरी युक्ती मात्र अफलातून आहे: दाब तसाच ठेवायचा आणि द्रवणांकच खाली ओढायचा. हे काम पाणी करतं.

महासागरी भूपट्ट कोट्यवधी वर्षं समुद्राखाली असतो. भेगांतून पाणी मुरतं आणि खनिजांशी अभिक्रिया होऊन सर्पेंटाइनसारखी खनिजं तयार होतात. यांत पाणी स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं असतं. दगड हाताला कोरडाच लागतो. असा भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने दुसऱ्याखाली घुसतो. खोलवर ही खनिजं मोडतात आणि पाणी सुटून वरच्या गरम प्रावरणात शिरतं. तिथे ते सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडतं आणि द्रवणांक काही शे अंशांनी उतरतो. बर्फावर मीठ टाकल्यावर होतं, तसंच. प्रावरणातल्या ऑलिव्हिन या खनिजाच्या कणांच्या सांध्यांत वितळलेल्या खडकाचे थेंब जमतात आणि हलके असल्याने वर निघतात. घर्षणाने खालचा भूपट्टच वितळतो, असं अनेकांना वाटतं. पण तो बहुधा तेवढा तापतच नाही. म्हणून जपानमध्ये किंवा अँडीजमध्ये ज्वालामुखींची रांग सागरी गर्तेवर, म्हणजे भूपट्ट खाली घुसतो तिथल्या खोल खाचेवर, नसते. ती गर्तेला समांतर पण बरीच आत असते, जिथे खाली घुसलेला भूपट्ट साधारण १०० किलोमीटर खोल पोचलेला असतो. यात ग्रहांच्या युतीला कुठेच जागा नाही.

हेच पाणी स्फोटही घडवतं. शिलारस पृष्ठभागाजवळ आला की दाब उतरतो आणि विरघळलेल्या पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होतात. सिलिकाने दाट झालेला रस त्यांना सुटू देत नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो असाच फुटला. ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूंत सर्वाधिक वाटा वाफेचाच असतो.

आता हिमालय. तिथेही भूपट्टच भिडलेत, पण ज्वालामुखींची रांग नाही. दोन्हीकडे हलकं खंडीय कवच आहे. ते महासागरी भूपट्टासारखं पाणी घेऊन खोल बुडत नाही. ही टक्कर होण्याआधी भारत आणि आशिया यांच्यामधल्या प्राचीन टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात होता, तेव्हा तिथे ज्वालामुखी होते. त्यांच्याखाली थिजलेल्या शिलारसाचा ग्रॅनाइट आज लडाखमध्ये उघड्यावर दिसतो.