पॅलेटमध्ये तपकिरी रंगच जास्त का असतात? आयशॅडोच्या रंगांची पार्श्वभूमी

बारा-पंधरा रंगांचं कोणतंही आयशॅडो पॅलेट उघडून पाहा. तपकिरी, विटकरी, बदामी छटा भरपूर असतात आणि त्या पापणीवर एकसारख्या उतरतात. त्याच पॅलेटमधला मॅट, म्हणजे बिनचमकीचा, जांभळा ठिपक्याठिपक्यांनी बसतो, गडद निळा गालावर झडतो, आणि शुद्ध लाल तर बहुधा नसतोच. कारण त्या पुडीत काय दळलं आहे यात आहे. डोळ्याभोवती चालतील अशी रंगद्रव्यं मोजकी आहेत, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे, आणि आयशॅडो निवडण्या-लावण्याचे आजचे बरेचसे नियम त्या स्वभावांशी जुळवून घेता घेता तयार झाले.

पॅलेट हा शब्द इथे जुन्या अर्थानेही शोभतो. प्राचीन इजिप्तमध्ये इ.स.पूर्व चौथ्या सहस्रकातही दगडाच्या चपट्या पाट्यांवर डोळ्यांचे रंग दळत. इ.स.पूर्व ३१००च्या सुमाराची नार्मर राजाची प्रसिद्ध पाटी याच घराण्यातली. ती समारंभासाठी घडवलेली होती, तरी रंग वाटायचा गोल खळगा तिच्यावर आहेच. सुरुवातीचा लाडका रंग हिरवा. तो मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजापासून मिळे. पुढे गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा, काळा रंग वरचढ झाला. गॅलेना जाडसर दळलं की धातूसारखं चमकतं, बारीक दळलं की मंद काळं दिसतं. एकाच पदार्थातून शिमर आणि मॅट असे दोन्ही परिणाम कणांच्या आकारावरून मिळतात, ही गोष्ट आजच्या आयशॅडोलाही तंतोतंत लागू आहे.

लूव्र संग्रहालयातल्या इजिप्शियन प्रसाधनांचं विश्लेषण १९९९मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात लॉरिओनाइट आणि फॉस्जेनाइट ही शिशाची क्लोराइडं सापडली. निसर्गात ती इतकी दुर्मीळ आहेत की ती मुद्दाम बनवली असणार, असा निष्कर्ष निघाला. शिशाचं ऑक्साइड मीठ-पाण्यात घालून, पाणी बदलत, कित्येक आठवडे ही प्रक्रिया चालवावी लागते. २०१०च्या एका अभ्यासात असंही दिसलं की या क्षाराच्या अत्यल्प मात्रेने त्वचेच्या पेशी जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, आणि त्याने शरीराची संसर्गाविरुद्धची यंत्रणा जागी होऊ शकते. पण तेवढ्याने शिसं निर्धोक ठरत नाही. ते शरीरात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. घटक न लिहिलेली काळी किंवा चंदेरी भुकटी डोळ्याला लावू नये, हे इतक्या जुन्या गोष्टीवरून आजही सांगावं लागतं.

रंगभूमी आणि कॅमेरा

मधली शतकं ओलांडून थेट एकोणिसाव्या शतकात येऊ. नट शिशाचा पांढरा रंग तोंडाला फासत आणि आजारी पडत. ऑपेरा गायक लुडविग लाइश्नर याने १८७३मध्ये बर्लिनमध्ये शिसंविरहित ग्रीझपेंटच्या कांड्या बाजारात आणल्या. चरबी आणि मेणात घोटलेला हा रंग पापणीवर बोटाने पसरवता येई. रंगमंचाबाहेर मात्र रंगवलेली पापणी अप्रतिष्ठेची मानली जाई. हे चित्र पालटायला १९१०च्या सुमारास पॅरिसमध्ये गाजलेल्या बॅले रूस या रशियन नृत्यमंडळीच्या प्रयोगांचा हातभार लागला. तिचा नेपथ्य-वेशभूषाकार लेऑन बाक्स्ट याने मंचावर उधळलेले मोरपंखी, केशरी, जांभळे रंग आधी कपड्यांत आणि मग हौशी स्त्रियांच्या पापण्यांवर आले. नोव्हेंबर १९२२मध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि काजळाने गडद केलेल्या डोळ्यांना पुन्हा मागणी आली.

त्याच काळात कॅमेऱ्याने रंगांची गणितं उलटीपालटी केली. मूकपटांची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. पापणीवरचा लाल-तपकिरी रंग पडद्यावर काळा दिसे आणि निळा फिकट पडून पांढुरका होई. त्या काळच्या चित्रांत डोळे खोल काळ्या खळग्यांसारखे दिसतात, त्यात या फिल्मचा वाटा मोठा आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस सर्व रंगांना संवेदनशील असलेली पॅनक्रोमॅटिक फिल्म आणि तिच्यासोबत टंगस्टनचे दिवे रूढ झाले, तेव्हा हॉलिवूडचा मेकअपकार मॅक्स फॅक्टर याला मेकअपच्या छटा नव्याने बांधाव्या लागल्या. धडा आजही जसाच्या तसा उपयोगी आहे: ज्या उजेडात चेहरा दिसणार, त्याच उजेडात रंग तपासायचा. पिवळ्या दिव्याखाली निळे-जांभळे रंग मंदावतात, म्हणून हात नकळत जास्त रंग भरतो आणि बाहेर उन्हात तो भडक वाटतो. उलट पांढऱ्या थंड दिव्याखाली केशरी-तांबूस छटा निस्तेज दिसतात. फ्लॅशच्या फोटोत पांढरं खनिज आणि जाड शिमर उजळून निघतं, म्हणून भुवईच्या हाडावरचा फिकट रंग तिथे अर्धाच ठेवावा.

मॅक्स फॅक्टरने १९१८मध्ये केस, त्वचा आणि डोळे यांच्या रंगांशी मेकअप जुळवण्याची पद्धत मांडली. पण डोळ्याच्या रंगाला विरुद्ध रंग लावा, या सल्ल्याचं मूळ त्याहून जुनं आहे. मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४पासून पॅरिसच्या गोब्लाँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख होते. काळे धागे फिके दिसतात, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर धागे चांगलेच निघाले. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे ते फिके भासत होते. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलून दाखवतात, हा त्यांचा सिद्धांत १८३९मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला.

बुबुळावर तो असा लागू होतो. निळ्या बुबुळासमोर नारिंगी घराण्यातले रंग: तांबं, कांस्य, विटकरी. हिरव्यासमोर तांबूस जांभळे: आलुबुखारा, वाइन, मरून. तपकिरी बुबुळ म्हणजे मुळात गडद नारिंगी, म्हणून त्यासमोर निळा, विशेषतः नेव्ही. फार गडद, जवळपास काळ्या बुबुळाबाबत मात्र हा नियम ताणू नये. तिथे रंगाचा विरोध फारसा जाणवत नाही, काम उजेड-अंधाराच्या फरकाने होतं. पापणीच्या मध्यावर चमकदार फिकट रंग आणि पापण्यांच्या केसांच्या मुळाशी गडद रेघ, एवढ्यानेही डोळा उठून दिसतो. बुबुळाच्याच रंगाची आयशॅडो लावायची असेल तर ती बुबुळापेक्षा स्पष्टपणे गडद किंवा स्पष्टपणे फिकी घ्यावी. अगदी तोच गडदपणा असला की बुबुळ त्यात विरून जातं.

क्रीमपासून दाबलेल्या पुडीपर्यंत

१९२० आणि ३०च्या दशकांतली आयशॅडो बहुतेक मेणचट क्रीम असे. तिची खोड आजच्या क्रीममध्येही थोडीफार उरली आहे: पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटते, अंगच्या उष्णतेने मेण मऊ होतं, तेल सुटतं, आणि सगळा रंग घडीत, म्हणजे क्रीजमध्ये, गोळा होतो. दाबून बसवलेली कोरडी आयशॅडो विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वरचढ झाली. तिचा मुख्य भाग संगजिरे (टाल्क) आणि अभ्रक. त्यात रंगद्रव्य, चिकटून राहण्यासाठी जस्त किंवा मॅग्नेशियमचं स्टिअरेट आणि साधारण पाच ते दहा टक्के तेल. दाब कमी पडला तर वडी फुटते. जास्त झाला तर पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि ब्रशला रंगच लागत नाही.

वापरतानाही वडी अशी काचेसारखी होते. बोटाचं तेल किंवा ओल्या ब्रशचं पाणी वर साचून कडक थर धरतं. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली की तो थर निघतो. ओला ब्रश वापरायचाच असेल तर आधी कोरड्या ब्रशवर रंग घ्यावा आणि मग ब्रशवर पाण्याचा फवारा मारावा. वडीला पाणी लागू देऊ नये.

क्रीम आणि कोरडी पूड यांच्यामधला दुवा म्हणजे प्रायमर, रंगाआधी पापणीवर लावायचा चिकट थर. मुगाच्या दाण्याएवढा दोन्ही पापण्यांना पुरतो. जास्त लावला तर तोच घसरतो. मिनिटभर थांबून, अजून चिकट वाटत असेल तर त्वचेच्याच छटेची मॅट पावडर वरून हलकी दाबावी. हे टाळलं की पहिला रंग जिथे टेकेल तिथेच डाग धरतो आणि नंतर कितीही पसरवला तरी सरकत नाही. डाग पडण्याच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात, आणि दोष मात्र पॅलेटला दिला जातो.

पुढचा क्रम मधल्या छटेने सुरू होतो. त्वचेपेक्षा दोन छटा गडद मॅट रंग मोकळ्या, फुगीर ब्रशवर घ्यायचा, एकदा झटकायचा आणि घडीवर वाहनाच्या वायपरसारखा डावीकडून उजवीकडे फिरवायचा. ब्रश दांड्याच्या टोकाकडे धरला की दाब आपोआप कमी होतो. मग पापणीचा मुख्य रंग चपट्या, दाट ब्रशने थोपटून बसवायचा. इथे फिरवलं तर रंग उडतो. सर्वांत गडद छटा बाहेरच्या कोपऱ्यात, पापणीच्या एक तृतीयांशाच्या आत, छोट्या ब्रशने थोडी थोडी. शेवटी काहीही न लावलेल्या ब्रशने कडा मऊ करायच्या. पापणी झाकली जाणारे डोळे असतील तर सगळं मोजमाप डोळे उघडे ठेवून, आरशात सरळ बघत करावं आणि मधली छटा घडीच्या थोडी वर न्यावी. डोळे मिटून आखलेली सुंदर घडी उघडताच गायब होते. घडी नसलेल्या पापणीवर मुळाशी गडद आणि वर फिकट होत जाणारा उतार जास्त शोभतो.

दोन रंग मिळून मळकट राखाडी होत असेल तर ते बहुधा परस्परविरुद्ध रंग असतात. नारिंगी आणि निळा थेट घोटू नयेत. मध्ये बदामी किंवा मऊ तपकिरी पट्टी ठेवावी.

चमक कुठून आली

जुनी मोतिया चमक माशांच्या खवल्यांतल्या ग्वानीनची. ती महाग होती. बिस्मथ ऑक्सिक्लोराइड स्वस्त पडे, पण ते उजेडाने काळवंडे. १९६०च्या दशकात अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर चढवण्याचं तंत्र रुळलं आणि त्यापुढची चकाकणारी निळी-हिरवी लाट शक्य झाली. या चमकेत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की थराची जाडी बदलली की रंग बदलतो: ४०-६० नॅनोमीटरला चंदेरी, ६०-८०ला सोनेरी, त्यापुढे तांबूस, मग निळा, मग हिरवा. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तोच हा प्रकार.

अशा पापुद्र्यातून एक रंग परावर्तित होतो आणि त्याचा विरुद्ध रंग आरपार जातो. खाली गोरी त्वचा असेल तर आरपार गेलेला प्रकाश परत फिरतो आणि दोन्ही मिळून पांढुरकं दिसतं. खाली सावळी त्वचा किंवा काळं क्रीम असेल तर तो शोषला जातो आणि चमकेचा खरा रंग झळकतो. डब्यात पांढरी दिसणारी ही आयशॅडो सावळ्या पापणीवर म्हणूनच सर्वांत देखणी दिसते. याउलट फिकट मॅट रंगांत पांढरं टायटॅनियम आणि संगजिरे भरपूर असतं, त्याने सावळ्या त्वचेवर राखेसारखी झाक येते. तिथे पांढरं मिश्रण कमी असलेल्या गडद छटा निवडाव्या किंवा खाली त्याच रंगाचं क्रीम लावावं. पापुद्रे मोठे असले की ते सुरकुत्यांत अडकून त्या उठून दाखवतात. अशा पापणीवर बारीक कणांची साटीन चमक बरी. शिमर बोटाने दाबून लावावा: मोठ्या ब्रशने तो झडतो आणि पापुद्रे आडवेतिडवे बसून चमक विखुरते. हस्तकलेची चमकी डोळ्याजवळ कधीही आणू नये, तिच्या कडा डोळ्याच्या पारदर्शक पटलावर ओरखडे काढतात.

परत त्या लाल रंगाकडे

तपकिरी छटा सगळ्या लोह ऑक्साइडच्या: पिवळं, लाल, काळं एकत्र केलं की बदामीपासून चॉकलेटपर्यंत सर्व मिळतं. हे रंग प्रखर असतात, उजेड-घामाने बदलत नाहीत, आणि थोडंसं पुरतं म्हणून पुडीत मुलायमपणा आणणाऱ्या घटकांना जागा उरते. २०१०मध्ये बारा तटस्थ छटांचं 'नेकेड' पॅलेट अफाट चाललं, त्यामागे हा सोपेपणाही होता. निळा अल्ट्रामरीन १८२०च्या दशकात कृत्रिमरीत्या बनू लागला, मँगनीज जांभळा १८६८मध्ये आला. दोघांची रंगशक्ती कमी, म्हणून मात्रा जास्त घालावी लागते, चिकटपणा घटतो, आणि मॅट जांभळा ठिपक्यांनी बसतो. तो फिरवू नये, चिकट क्रीमवर थोपटावा आणि कडा शेजारच्या मऊ छटेने जुळवाव्या.

पॅलेटमध्ये लाल रंग नसण्याचं कारण कायद्यातही आहे. १९३३च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांच्या केसांच्या एका रंगाने काही स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, दृष्टीही गेली. १९३८च्या कायद्यामागे ही प्रकरणं होती. तिथे आजही रंगद्रव्याला डोळ्याभोवतीच्या वापरासाठी वेगळी मंजुरी लागते. लिपस्टिकमधले कित्येक झगझगीत लाल-गुलाबी रंग त्या मंजुरीच्या यादीत नाहीत. म्हणून काही पॅलेटवर आयशॅडोऐवजी 'प्रेस्ड पिगमेंट' (दाबलेलं रंगद्रव्य) लिहिलेलं असतं आणि मागे बारीक अक्षरात डोळ्याजवळ वापरू नये अशी सूचना असते. ती वाचावी. युरोपची यादी वेगळी असल्याने तोच रंग तिथे चालू शकतो, पण अशा रंगांचा गुलाबी डाग पापणीवर दिवसभर राहू शकतो आणि संवेदनशील त्वचेला खाजही सुटते. दोन्हीकडे चालणारा एक लाल म्हणजे कोचिनील किड्यापासून मिळणारा कार्माइन. तो किरमिजीकडे झुकतो आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. शुद्ध लालाच्या जवळ जायचं तर खाली लोह ऑक्साइडची विटकरी छटा पूर्ण बसवावी, तिच्यावर कार्माइनची मॅट छटा फक्त मध्यभागी थोपटावी, आणि पापण्यांच्या मुळाशी गडद तपकिरी रेघ ओढावी. ती रेघ नसेल तर लाल रंग डोळे आल्यासारखा दिसतो.