मुक्त मूलकजन्य डीएनए इजा

जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या क्रियाशील मूलकांमुळे डीएनएतील क्षारकांत (डीएनएची जणू अक्षरे असलेल्या चार घटकांत) किंवा त्याच्या धाग्यांत होणारा रासायनिक बदल. ही इजा म्हणजे उत्परिवर्तन नव्हे. इजा दुरुस्त होऊ शकते. ती तशीच असताना डीएनएची नक्कल झाली आणि चुकीचा क्षारक कायम झाला, तर ते उत्परिवर्तन. मराठी लिखाणात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, म्हणून हा भेद आरंभीच नोंदवणे अगत्याचे आहे.

श्वसनाच्या ओघात पेशीत सुपरऑक्साइड व त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. ही दोन्ही क्षारकांना थेट फारशी झोंबत नाहीत. खरा घाव हायड्रॉक्सिल मूलकाचा. ते सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकेच टिकते व काही नॅनोमीटरच सरकते. डीएनएच्या सर्पिलाची जाडी सुमारे 2 नॅनोमीटर असल्याने मूलकाचा जन्म डीएनएला खेटूनच व्हावा लागतो. पेरॉक्साइड मात्र दूरवर पोहोचते, आणि डीएनएला चिकटलेल्या लोहाशी गाठ पडली की मूलक तेथेच तयार होते.

या विक्रियेला फेंटन यांचे नाव असले, तरी श्रेयाचा प्रश्न सरळ नाही. हेन्री फेंटन यांनी 1876 मध्ये प्रथम व 1894 मध्ये सविस्तर वर्णिले ते लोहाच्या सान्निध्यात पेरॉक्साइडने होणारे टार्टारिक अम्लाचे ऑक्सिडीभवन. मूलकाची कल्पना त्यात नाही. ती फ्रिट्स हाबर आणि जोसेफ व्हाइस यांची. त्यांचा विस्तृत लेख 1934 मध्ये, हाबर यांच्या निधनानंतर छापला गेला. तत्पूर्वी 1932 मध्येच ब्रे आणि गोरिन यांनी मूलकाऐवजी ऑक्सिजन जोडलेले उच्च संयुजेचे लोह सुचवले होते. वाद पुरता मिटलेला नाही. डीएनएपुरते पाहता मूलकाचा पक्ष अधिक सबळ वाटतो, कारण पेरॉक्साइड-लोहामुळे होणारी क्षारकांची इजा प्रारणाने (उच्च ऊर्जेच्या किरणांनी वा कणांनी) होणाऱ्या इजेशी बरीच जुळते.

प्रारण पाण्याचे रेणू फोडते व हेच मूलक मोकळे करते. इंदूरला देवी अहिल्याबाई होळकर फळे-भाजी मंडीच्या (शहरात तिला चोइथराम मंडी म्हणतात) आवारात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने इलेक्ट्रॉन-शलाकेची सुविधा उभारली आहे. तेथे 10 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी वैद्यकीय साहित्य बंद वेष्टनातच निर्जंतुक होते. जंतू मरतात ते मुख्यतः डीएनएचे दोन्ही धागे तुटल्याने. वस्तू कोरडी असली की पाण्यापासून निघणाऱ्या मूलकांचा वाटा घटतो व जंतू अधिक मात्रा सोसतात. साहित्यात किरणोत्सर्ग उरत नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

चार क्षारकांत ग्वानीन सर्वांत सहज ऑक्सिडीभूत होते; दोन ग्वानीन शेजारी असल्यास त्यांतले 5′ टोकाकडचे (5′ व 3′ ही धाग्याच्या दोन टोकांची नावे) आधी. मूलक त्याच्या आठव्या कार्बनाला धरते आणि 8-ऑक्सोग्वानीन बनते. कासाई व निशिमुरा यांनी ही इजा 1984 मध्ये दाखवली. हा क्षारक शर्करेच्या बंधाभोवती उलटा वळतो, आणि मग त्याची दुसरी कड ॲडेनिनाशी नीट बसते. पहिल्या नकलेत सायटोसिनाऐवजी ॲडेनीन येते, दुसऱ्या नकलेत त्या ॲडेनिनासमोर थायमीन. ग्वानीन-सायटोसीन होते तेथे थायमीन-ॲडेनीन झाले. थायमीन ग्लायकॉल हे थायमिनाचे ऑक्सिडीभूत रूप मात्र नक्कलच अडवते. ऑक्सिडीभूत सायटोसिनामुळे सायटोसिनाच्या जागी थायमीन येण्याकडे कल असतो.

पेशीत 8-ऑक्सोग्वानीन किती, यावर दीर्घकाळ मतभेद होते. डीएनए वेगळे काढताना व तापवताना ग्वानिनाचे ऑक्सिडीभवन होते, आणि जुन्या मापनांत हीच कृत्रिम इजा मोजली गेली. युरोपीय प्रयोगशाळांच्या संयुक्त पडताळणीनंतर दहा लाख ग्वानिनांमागे फार तर चार-पाच हा अंदाज पुढे आला. एंझाइम वापरणाऱ्या पद्धती याहूनही कमी सांगतात. येथे कमी आकडेच ग्राह्य धरले आहेत.

दुरुस्तीत ओजीजी1 हे एंझाइम 8-ऑक्सोग्वानीन छाटते, एमटीएच1 डीएनएत अजून न जोडलेले, बिघडलेले सुटे घटक बाद करते, आणि एमयूटीवायएच चुकून समोर बसलेले ॲडेनीन काढते. आतड्यात अनेक गाठी होणाऱ्या एका ब्रिटिश कुटुंबात एमयूटीवायएच जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याचे 2002 मध्ये आढळले; गाठींतील एपीसी या (एरवी गाठींना आळा घालणाऱ्या) जनुकात बहुतांश बदल ग्वानीन-सायटोसिनाच्या जागी थायमीन-ॲडेनीन असेच होते.