मंत्रचळ म्हणजे नुसतं हात धुणं नाही

गिरगावात आमच्या चाळीत एक मावशी होत्या, सार्वजनिक नळावर आधी नळ घासायच्या, मग हंडा, मग परत नळ, पाणी जायची वेळ झाली तरी यांचं चालूच आणि मागे अख्खी लाईन ओरडतेय. त्यांचं सोवळं कडक आहे म्हणायचे. त्याच मजल्यावरचे एक काका चर्नी रोड स्टेशनवरून कुलूप बघायला परत यायचे, ते विसरभोळे. दोघांचा आजार एकच असू शकतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आपल्याकडे ओसीडीला, म्हणजे नको तो विचार सारखा मनात येणं आणि त्यापायी तीच गोष्ट परत परत करत राहणं या आजाराला, मंत्रचळ म्हणतात. मंत्र चुकला की माणूस चळतो अशी जुनी समजूत, म्हणजे मुळात शब्दातच चुकायची भीती आहे, घाण नाहीच.

फ्रान्समध्येही तसंच. 1838 मध्ये एस्किरोल या डॉक्टरने एका बाईबद्दल लिहिलं, तीही सारखी हात धुवायची, पण कशासाठी, तर दुसऱ्याची एखादी किमती वस्तू आपल्या बोटांना चिकटून आली तर नाही ना म्हणून! पुढे फ्रेंच डॉक्टर याला शंकेचं वेडच म्हणायला लागले. 1877 मध्ये जर्मनीत वेस्टफाल या डॉक्टरने स्पष्ट केलं की बुद्धी शाबूत असते, विचार नकोसा असतो आणि तरी हटत नाही. त्याने अशा विचाराला जो जर्मन शब्द वापरला त्याचं लंडनमध्ये ऑब्सेशन झालं, न्यूयॉर्कमध्ये कम्पल्शन, आणि शेवटी दोन्ही जोडून टाकले असं सांगतात.

उपचार मात्र फार उशिरा आले. 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयरने धुण्याच्या त्रासातल्या बाईला वॉर्डात ठेवून तिचे नळच बंद केले, म्हणजे भीती वाटू द्यायची पण धुवायचं नाही, आजची ईआरपी थेरपी त्यातूनच आली. (आमच्या चाळीत हे काम म्युनिसिपालिटी रोज करायची, पण त्याने कुणी बरं होत नाही, सोबत शिकवणारं कुणीतरी लागतं.) क्लोमिप्रामिन या औषधाला अमेरिकेत ओसीडीसाठी मंजुरी मिळाली 1989 मध्ये, आणि त्याच वर्षी ओसीडी किती तीव्र आहे ते मोजायची येल-ब्राऊन स्केल छापून आली. तिच्या यादीत धुणं-तपासणं तर आहेच, पण वस्तू सरळ रेषेतच हव्यात, मनातल्या मनात आकडे मोजणं, देवासमोर हात जोडले की घाणेरडा विचार येणं, हातून कुणाला इजा होईल ही भीती, हेही आहे. तान्ह्या बाळाच्या आईला असा विचार आला तर ती सुरी लपवून ठेवते आणि घरात कुणाला सांगत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला तर काहीच दिसत नाही, ना नळ ना कुलूप.